मोठा टोप आणि शिव्यांचा बाजार

मी, सुरय्या मुकादम, माहेरची सारंग, मूळ गाव बाणकोट, हल्ली मुक्काम दोहा, ओल्ड एअरपोर्ट, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. रविवारी जी गाठ कापणार ती पोटात आहे, डोक्यात नाही. माझ्यावर कुणाचा दाब नाही. मला दाबणारा अजून जन्मायचा आहे. वकील म्हणाला, "मी लिहितो, तुम्ही सही करा." मग बोलणार कोण? चौथी शिकले, तेवढं पुरे.

शरियतीने ज्याचा जो हिस्सा तो आधी त्याचा. म्हणजे बाणकोटचं घर आणि बांगड्या माझा मुलगा हमजा याच्या. त्याला मराठी सगळं समजतं आणि उत्तर इंग्लिशमध्ये देतो, तेव्हा हे त्याने स्वतः वाचावं. घर विकू नये. विकलंस तर स्वप्नात येऊन बसेन.

पुढचं माझ्या एक-तृतीयांशातलं, तेवढं शरियतीने मर्जीने देता येतं, तिथे मी मालकीण.

विळी आणि मसाल्याचे डबे शेजारच्या रुकैयाला. मीठ मागायला येते आणि दुपारभर बसते. आता मीठही तिचंच.

टीव्ही विजयला. हा नाशिकचा इंजिनियर, माझ्या खानावळीत जेवतो. शिव्यांचा बाजार त्यानेच मांडला. आमच्याकडचा एक पुढारी आहे, नाव लिहीत नाही, फुकट मोठा होईल. दर भाषणात कुणाला तरी बेडूक म्हणणार, कुणाला बुजगावणं. गोरे लोक कॉम्प्युटरवर निवडणुकीत कोण जिंकणार यावर बाजार लावतात हे विजयने ऑफिसात पाहिलं आणि शुक्रवारी जेवताना म्हणाला, "काकू, आपण ह्याच्या शिव्यांचा लावू." पैसा चालणार नाही, मी बजावलं. मग भाव सुरमईच्या तुकड्यांत. एकेका शिवीची एकेक चिठ्ठी. पुढारी पाणी प्यायला की बेडकाचा भाव चढायचा, हसला की उतरायचा, आणि चिठ्ठ्या या ताटावरून त्या ताटावर फिरायच्या. ज्याची चिठ्ठी बुडाली त्याने पुढच्या शुक्रवारी माझा मोठा टोप घासायचा. जुगार तो जुगारच, मला कळतं. अल्लाशी माझं मी बघेन.

बाहेर धुळीने आभाळ पिवळं, आत तळणीचा धूर, आणि त्या धुरात तो पुढारी तोंड उघडून उभा. कधी कधी मला वाटायचं, आम्हीच टीव्हीच्या आत आहोत आणि तो बाहेरून आम्हाला बघतोय.

तर एका शुक्रवारी तो गल्फमध्ये कमावणाऱ्यांवर घसरला. म्हणाला, "अरबाचं खरकटं चाटणारे!" आणि 'खरकटं'ची चिठ्ठी धरून बसलेला माझा भाऊ टाळी वाजवून उठला. "आलं! खरकटं आलं! आपा, माझे तुकडे काढ!" माझ्या हातात त्याच्याच ताटात वाढायचा डाव होता.

मी म्हटलं, "खलास. ऊठ ताटावरून."

"आपा, मी शिवीवर लावलं, तुझ्यावर नाही."

"मी इथे काय करते मग? कमावतेच ना? ऊठ."

उठला. गेला तो गेला. कितीतरी ईदा झाल्या, ना त्याने फोन केला, ना मी.

गाठ कळल्यापासून एकच स्वप्न पडतं. बाणकोटच्या खाडीवर धुकं. तरीत, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीत, पुढारी उभा, हात हलवतोय, तोंड उघडतंय, पण बाहेर येतो फक्त पाण्याचा आवाज. भाऊ माझ्या शेजारी, लहानपणीचा, पाय पाण्यात सोडून बसलेला. विचारतो, "आपा, भाव काय?" मी सांगायला जाते आणि जाग येते. भाव काय ते मलाही आठवत नाही.

आज विजयला साक्षीदार म्हणून बोलावला तर सारखा कागदात डोकावतो. "काकू, भावाचं कलम आलं का?"

"तुला कशाला पंचायत?"

मग कबूल झाला. नवा बाजार लागलाय. मी मृत्युपत्रात भावाला कुठली शिवी देणार यावर. 'नमकहराम' सगळ्यात महाग, 'करंटा' स्वस्त.

"आणि त्याला माहीत आहे हे?"

विजयने पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाला, "त्यानेही फोनवरून एक चिठ्ठी घेतली, काकू. 'माझं नावच घेणार नाही' अशी."

मी उठून चहा ठेवला. दूध उतू गेलं तरी मला दिसलं नाही.

तर लिहिते. मोठा टोप माझा धाकटा सख्खा भाऊ अबूबकर दाऊद सारंग, राहणार दोह्याजवळचं उम्म सलाल मोहम्मद, याला. शिवी कुठलीही नाही. अबूबकर, मी तुझं नाव घेतलं. बापाच्या नावासकट घेतलं. तुझी चिठ्ठी बुडाली. विजय हे आजच तुला फोनवर वाचून दाखवेल. उद्या शुक्रवार आहे, नियम तुला पाठ आहे. नमाज झाली की ये. मी स्टुलावर बसून बघणार, बूड नीट घास, तिथे नेहमी करपट राहतं.

ठिकाण: दोहा. गुरुवार, १५ मार्च २००७.

सही: सुरय्या मुकादम

साक्षीदार: विजय ('करंटा'वर बुडालेला)
साक्षीदार: इब्राहीम, खालच्या दुकानातला, बाजारात नसलेला

तिसरी जागा कोरी ठेवली आहे. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष धरत नाहीत, असं वकील म्हणाला, म्हणजे टीव्हीपायी विजयचीही गेली. न धरू दे. अबूबकर, हात पुसून सही कर, कागद भिजवू नकोस.