कुंदाने न ऐकलेलं चाक

३ नोव्हेंबर, आंजी
ग्राइंडरचं जुनं चाक आज काढलं. झिजून बशीएवढं उरलं होतं. वर्ध्याला जाऊन नवीन आणलं. दुकानदार हिरवं चाक पुढे करत होता, म्हणे हेच खपतं. त्याला म्हटलं, बापा, हिरवं कार्बाइडले. माझ्याकडे वखराच्या पासा आणि कुट्टीची पाती येतात धार लावायला, सारं लोखंड. करडं दे, साठ दाण्याचं. आणि चाकावर लिहिलेले फेरे माझ्या मोटरीपेक्षा जास्तच पाहिजेत. दिलं, तोंड वाकडं करून.
येताना एसटीत मांडीवर घेऊन बसलो. खड्ड्यात बस आदळली आणि चाक सरकून खाली आपटलं. दिसायला धड आहे. पण दिसण्यावर काय जाते...

५ नोव्हें.
लावलं नाही. कोरड्या फळीवर उभं ठेवलंय, वर काही ठेवू दिलं नाही.
लावायच्या आधी बोटावर अधांतरी धरून पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं. धड चाक घंटेसारखं वाजतं, तडकलेलं ठप्प बोलतं. तडकलेलं फिरताना फुटलं तर तुकडे तोंडावर. उभ्या आंजीला हे मी शिकवलं, आणि आता ते वाजणं मलाच ऐकू येत नाही. आयुष्यभर ग्राइंडरजवळ उभा राहिलो ना. कानाचे डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेले ते गेले.
तेव्हापासून कुंदा ऐकते. पीठ माखल्या हातांनी शेडमध्ये येते, मी ठोकतो, ती कान लावते आणि 'लावा' म्हणते. पोरीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, ती अजून तिकडेच. गेली तेव्हा ऊन होतं, आता स्वेटर काढलेत.

७ नोव्हें.
पाती साचली. गिऱ्हाइकं कटकट करून राहिलीत.
शेजारचा रामटेके म्हणाला, "काका, मी ऐकून देतो ना, त्यात काय हाय?" नको म्हटलं. तुला घंटा आणि डबडं यातला फरक कळत नाही, असंही सुनावलं. उगाच बोललो. कोणीही ऐकू शकतं म्हटल्यावर कुंदाला बोलावायला माझ्याजवळ काय उरतं?
दुपारी तिलाच फोन लावला आणि फोनजवळ चाक ठोकलं.
"काई समजत नाई फोनवर. नका लावू ते."
"मंग इकडे येऊन ऐकजो."
"येजो म्हनाले काय जाते तुमचं! पोरगी ड्युटीवर जाऊन राह्यली. लेकरू कोनापाशी ठेवू?"
मग अश्विनीने फोन घेतला. बाबा, तुम्हीच या ना इकडे, मशीन विकून टाका, कान तरी वाचतील. मागे बाळ रडतंय म्हणे. मला नाही आलं ऐकू. नातीचं रडणं मी अजून ऐकलेलंच नाही.
कुंदाचा आवाज जाड. लग्नात माझ्या बहिणी हसल्या होत्या. आता फोनवर तेवढा एकच धड पोचतो.

९ नोव्हें., रविवार
रोहण्याचा वानखडे मशीन पाहायला आला. जावयाने परस्पर कळवून ठेवलेलं.
"जयभीम काका. याचं चाक कुठाय?"
फळीकडे बोट दाखवलं. पठ्ठ्याने न विचारता उचललं, बोटावर टांगलं, ठोकलं.
"ठणठणीत हाय. काऊन नाई लावलं?"
काय सांगणार? लावलं. दोन्ही बाजूंना कागदी चकत्या, नट घट्ट पण जीव खाऊन नाही, धार लावताना हात टेकवायची पट्टी चाकाजवळ, वर झाकण. चालू करून दोघंही बाजूला सरकलो, चाकासमोर कोणी नाही. गुमान फिरलं. वानखडेला मशीन पसंत. "उद्या सांगजा," म्हणाला.
चाकाचा राग आला मला. फुटकं निघालं असतं तर बरं झालं असतं, असं खरंच वाटलं.

१० नोव्हें.
सकाळी कुंदाला सांगितलं, चाक चांगलं निघालं.
"कोनं ऐकलं?"
"मशीन पाहाले आला होता, त्यानं."
"मंग झालं. आता माहं काय काम हाय तिथं?"
हसून म्हणाली की कशी, कळलं नाही. एरवी मी टोमणा हाणला असता. आज तोंडून निघून गेलं, "चाकासाठी नवतो बोलावत तुले. मले करमत नाई, कुंदा." लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर लाजही वाटली.
तिकडून काहीच नाही. कट झाला म्हणून पाहिलं, तर फोन चालूच. रडत असेल तर ते बारीक आवाजाचं, माझ्यापर्यंत येत नाही. हसत असेल तरी तेच. नुसता कानाला लावून बसलो. मग तिचा तो जाड आवाज आला, "पोरीसंग बोलून पाहतो मी. संध्याकाळी फोन करतो."
वानखडेचा दोनदा फोन आला. घेतला नाही.
संध्याकाळ झाली. शेड लवकर बंद केली. रिंग ऐकू येईल न येईल म्हणून फोन व्हायब्रेटवर टाकलाय आणि मुठीत धरून बसलोय.