कॅनॉलनं भरलेली विहीर

२ फेब्रुवारी
कॅनॉलला पाण्याची पाळी सुटली. पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष म्हणून पहिलं काम केलं. कॅनॉलच्या चारीत मोटारीचा पाईप टाकून गावची पिण्याची विहीर भरून घेतली. उन्हाळ्यात बाकीची गावं टँकरची वाट बघतील, आम्ही नाही. आता ‘आदर्श गाव’चा अर्ज. वरच्या गावची माणसं सकाळी कॅनॉलच्या कडेलाच टमरेल घेऊन बसतात, हे खरं. पण वाहतं पाणी आहे. वाटेत सगळं निवळतं.

९ फेब्रुवारी
मीटिंग जोरदार. गावात आरोग्याचं बघणारी आशाताई राजेश्री म्हणायला लागली, पाणी उकळून प्या. मी समजावलं, उकळल्यानं पाण्याचा कस जातो. सगळ्यांना पटलं. माझं बोलणं लोकांना लगेच पटतं.

१७ फेब्रुवारी
गोपाळच्या घरात तिघांना आव. रक्त पडतंय. परवाच्या लग्नातली बुंदी, दुसरं काय.

२० फेब्रुवारी
दत्तरावच्या घरीही तेच. ते लग्नाला गेलेच नव्हते. म्हणजे हवा बदलल्यानं.

सून नीलमनं आज पाणी उकळायला ठेवलं. गॅस बंद करायला लावला. अध्यक्षाच्याच घरी पाणी उकळलं तर गाव काय म्हणेल? ती म्हणाली, मामा, सृष्टीपुरतं तरी उकळू द्या, लेकरू हाय. नाही म्हणालो. नात म्हणून काय झालं, तत्त्व म्हणजे तत्त्व.

२४ फेब्रुवारी
मलाही सारखं जावं लागतंय. लसणाची चटणी बाधली. आजपासून चटणी बंद. (दुपारी थोडी खाल्ली.)

२८ फेब्रुवारी
सृष्टीला आव. बेलाचा मुरंबा दिला. बायको म्हणते परभणीला न्या. पण परवा अर्जाची तपासणी आहे. अध्यक्षाची नात दवाखान्यात, हे बाहेर कळून चालणार नाही. दोन दिवसांत उतरेल.

२ मार्च
तपासणीवाले आलेच नाहीत. सृष्टीला फणफणून ताप. पोटाला हात लावू देत नाही.

४ मार्च, परभणी
डॉक्टर म्हणाले, पाण्यातून अमिबा पोटात गेला, आता लिव्हरमध्ये पू झालाय. फार उशीर केलात. पिण्याचं पाणी कुठलं, असं विचारलं. मी घसा खाकरेपर्यंत नीलम म्हणाली, मामांनी भरलेल्या हिरीचं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

५ मार्च
सुईनं पू काढला. ताप हटत नाही. मला भीती वाटते.

कॅनॉलला दुसरी पाळी सुटल्याचं इथं कळलं. संस्थेची मोटार बघणाऱ्या हरिओमला फोन केला. मोटार बंद कर, पाईप काढ, लोकांना पाणी उकळायला सांग.

घटकाभरानं त्याचा फोन. म्हणाला, कुणी ऐकायला तयार न्हाई. लोक म्हणायलेत, नातीच्या काळजीनं अध्यक्षांचं डोकं चालंना झालंय, आत्ता त्यांचं मनावर घेऊ नका. मी ओरडलो. तो लय समजुतीनं बोलला. तुमी फकस्त लेकराकडं बघा म्हणाला, इकडची फिकीर करू नका. हीर निम्मी भरत आली.