न समजणाऱ्या बाई

७ ऑगस्ट
पुन्हा तेच सोंग! दोन भाषांच्या वर्गाचा हा नियमच आहे. सकाळी शेजारच्या बाईंकडे घरची भाषा, दुपारी माझ्याकडे नवी. माझ्या खोलीत मला घरची भाषा अजिबात समजत नाही! कुणी "बाई, तहान लागली" म्हणालं, की मी ढिम्म. मग बिचारी पोरं नव्या भाषेत पाणी मागतात. अख्खा जन्म घरच्या भाषेत गेला, आणि पगार घेते तो ती न समजण्याचा!

९ ऑगस्ट
नवी मुलगी आली. वडील बस चालवतात. सकाळी म्हणे तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, माझ्याकडे चिडीचूप. मनातल्या मनात नाव ठेवलं – मौनीबाबा. पण डोळे माझ्या तोंडावरून हलत नाहीत. आत काय चाललंय हिच्या?

३ ऑक्टोबर
चित्रं दाखवली, बाहुल्या नाचवल्या. शब्द नाही! मोठ्या बाई म्हणाल्या, "सत्र संपेपर्यंत बोलली नाही, तर साध्या वर्गात पाठवू. तिच्या जागेसाठी रांग लागलीय." साध्या वर्गात नवी भाषा नावापुरतीच.

१७ ऑक्टोबर
घात! मागच्या बाकावरून घरच्या भाषेत कुजबुज आली, "बाईंचा स्वेटर बघ, पायपुसणं!" – आणि मी फिस्सकन हसले. लगेच खोकल्याचं नाटक. सगळ्यांना पटलं. मौनीबाबा मात्र माझ्याकडे बघून गालात हसली. का?

१४ नोव्हेंबर
उद्या सत्र संपतं. तिचे वडील तिचा हात धरून थेट वर्गाच्या दारात. घरच्या भाषेत म्हणाले, "बाई, घरी भिंतीशीसुद्धा बोलते हो. हिला काढू नका." पोरं बघत होती. मी कळत नसल्यासारखी मान हलवली! ते ओशाळून गेले. नियम गेला खड्ड्यात, असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. फार लाज वाटतेय.

१५ नोव्हेंबर
शाळा सुटल्यावर ती एकटी टेबलापाशी आली. नव्या भाषेत, सावकाश, दोन-तीन चुका करत म्हणाली, "बाबांना वाटतं, बाईंना कळलं नाही. मला माहितीय, कळलं. मलापण तुमचं सगळं कळतं. पण या खोलीत दाखवायचं नसतं ना?"
"तुला कुणी सांगितलं गं असं?" मी विचारलं – घरच्या भाषेत.
"तुम्हीच तर तसं करता."