सुमनबाईंना ऑटोतून नेल्याची हकीकत

लातूर,
गुरुवार, ६ मे २०२१

तीर्थस्वरूप अंबिकाअक्कास, धाकट्या मल्लिकार्जुनाचे शरणु.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींची साखर तपासली का? (आंब्याच्या दिवसांत दाजी साखर तपासत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी विचारतो.) अक्षराची शाळा मोबाईलवरच चालू असेल. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, म्हणजे आई आणि सिंधु खाली घरात सुखरूप आहेत आणि मी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सुखरूप आहे. सिंधुनं जिन्याच्या अकराव्या पायरीवर खडूनं रेघ मारलीय. रेघेच्या वर मी, खाली घर. ती ताट रेघेवर ठेवते, माझ्या अंगावर दोन फवारे मारते आणि मग तब्येत विचारते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण एवढ्या लांबून बोलायला लागल्यापासून आमचं एकही भांडण झालेलं नाही. पत्र बघून तू घाबरली असशील, कारण याआधी मी तुला पत्र लिहिलं ते दहावीत गणितात नापास झालो तेव्हा. टपालावर भरवसा नाही म्हणून जिलानीच्या मेहुण्याच्या, शहेबाजच्या टेम्पोबरोबर पाठवून राहिलो. तो टरबुजं घेऊन बिलोलीला येतोय. त्याच्या हातचं पत्र घे आणि एक टरबूजही घे.

आता हकीकत सांगतो. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी ऑटोवर भोंगा बांधून सगळ्या प्रभागात माझा मोबाईल नंबर जाहीर केला. कसलीही अडचण असू द्या, एक फोन करा, मेंबर दारात हजर. (नगरसेवक झाल्यापासून मी सगळ्यांचा मेंबरच आहे.) सिंधुला विचारलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात जे फोन आले त्यांत एकाला दाढी करायला न्हावी पाहिजे होता. एकानं विचारलं की लग्नाला पंचवीस माणसांची परवानगी आहे, तर त्यात नवरा-नवरी धरायची की वेगळी. (विचारून सांगतो म्हणालो. कुणाला विचारायचं ते मलाच ठाऊक नव्हतं.) मागच्या गल्लीतल्या एका काकांना मुदखेडला व्याह्यांकडे आमरस खायला जायचा पास हवा होता, आणि अर्जात कारण म्हणून त्यांनी 'अत्यंत तातडीचे' एवढंच लिहिलं होतं. मी वैतागलो होतो, अक्का. आज वाटतं, तेच फोन परत यावेत. कारण दुसऱ्या आठवड्यात ते सगळे एकदम थांबले आणि एकच फोन पुन्हा पुन्हा यायला लागला, फक्त आवाज वेगळा. बेड मिळंल का. ऑक्सिजन मिळंल का. मला वाटायचं आपली थोडीफार वट आहे. आमदारसाहेबांच्या पीएला फोन लावला, तर तो स्वतःच्या सासऱ्यासाठी बेड शोधत होता, आणि त्यानं मलाच विचारलं की तुमच्या ओळखीत कुणी आहे का.

अँब्युलन्स बोलावली तर चार-चार तास लागायचे. म्हणून मी प्रचाराचा ऑटो रिकामा करून त्यात सिलिंडर बांधलं. पण ऑटो चालवणारा रातोरात जळकोटला गावी निघून गेला होता. तेव्हा जिलानी आला. जिलानी तुला आठवत असेल, मंडप-बिछायतवाला, मागच्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभा होता आणि सतरा मतांनी पडला. लग्नंच नाहीत म्हणजे मंडप गोडाऊनमध्ये पडलेला. त्याचे रोजे चालू, बेचाळीस डिग्री ऊन, पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि हा माणूस माझा ऑटो चालवायला बसला. ऑटोच्या पाठीवर माझा तीन फुटी फोटो, हात जोडलेला. पडलेला उमेदवार निवडून आलेल्याचा फोटो घेऊन गल्लोगल्ली फिरतोय, हे बघून पहिले दोन दिवस लोक हसले. मग हसायचे थांबले. ज्या दारात माझा फोटो उभा राहायचा त्या घरातलं माणूस जायचं, आणि सगळी काही परत यायची नाहीत. आठवड्याभरात अशी वेळ आली की माझा फोटो कोपऱ्यावर दिसला की खिडक्या लागायच्या. एकदा जिलानीनं नुसता सायलेन्सर बांधायला एका दारात ऑटो थांबवला, तर आतली म्हातारी रडायलाच लागली की आमच्या घरात कुणाला काही झालेलं नाही, पुढं जा. पाच वर्षं मी तो चेहरा लोकांच्या मनात भरवायला धडपडलो होतो. शेवटी मीच ओल्या फडक्यानं तो घासून काढायला बसलो. चेहरा निघाला, पण जोडलेले हात काही केल्या निघेनात. जिलानी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मेंबरसाब. हात लई कामाला येतेत. आता कुणाकुणाची माफी मागावी लागंल, सांगता येत न्हाई."

सुमनबाईंचा फोन आला तो २५ एप्रिलच्या रविवारी सकाळी. सुमनबाई म्हणजे आपल्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, बालवाडीच्या बाई, आता रिटायर झालेल्या. अर्ध्या प्रभागाला त्यांनी नाक पुसायला शिकवलंय. एकट्याच राहतात. दर महिन्याच्या एक तारखेला मला त्यांचा एक लेखी अर्ज येतो, कधी नालीचा, कधी रस्त्यावरच्या दिव्याचा, आणि प्रत्येक अर्जाची प्रत त्या आयुक्तांना देतात. त्या दिवशी म्हणाल्या, "मेंबर, मला श्वास पुरेना. पण घाई करू नका, मी आधी साडी बदलते." आम्ही पोहोचलो तेव्हा बोटाला लावलेलं यंत्र चौऱ्याऐंशी दाखवत होतं आणि बाई मोगऱ्याला पाणी घालत होत्या. मग गॅस बंद आहे का ते बघितलं. मग कुलूप लावलं, ते ओढून बघितलं, आणि जिलानीलाही ओढून बघायला लावलं. ऑटोत बसायच्या आधी त्यांनी माझ्याकडून एक कबूल करून घेतलं. त्यांची लेक लुंबिनी तुमच्या बिलोलीला असते, पाच दिवसांची बाळंतीण होती. "तिला यातलं काही कळवायचं न्हाई. तिचं दूध तुटंल. दवाखान्याच्या कागदावर नंबर तुमचा घाला, आणि तिचा फोन आला तर मी बरी हाय म्हणून सांगा." मी हो म्हणालो. हो म्हणायची मला सवयच आहे.

तीन दवाखाने फिरलो. पहिल्यात गेट उघडलं नाही. दुसऱ्यात वॉचमननं मला ऑटोवाला समजून गाडी बाजूला घ्यायला सांगितलं, आणि मी कार्ड दाखवल्यावर अजूनच बाजूला घ्यायला सांगितलं. तिसऱ्यात मोठे डॉक्टर स्वतः बाहेर आले. मला वाटलं काम झालं. ते म्हणाले, तुम्ही नगरसेवक आहात ना, मग आमच्या मागच्या गेटावरचा कचरा तीन दिवस उचललेला नाही. त्याची तक्रार मी तिथंच उभा राहून फोनवर नोंदवली, आणि बेडचं विचारलं तर ते हात जोडून आत गेले. सिलिंडरचा काटा खाली येत होता. जिलानी सारखा आरशातून मागं बघत होता. चौथ्या दवाखान्याच्या दारात पंचवीस-तीस माणसं एकमेकांवर रेलून ओरडत होती. मी मागं उभा राहून कुणाला फोन लावावा याचा विचार करत होतो. तेवढ्यात सुमनबाईंनी नळी बाजूला केली आणि ऑटोतूनच म्हणाल्या, "ओळीत उभं राहा सगळ्यांनी. ढकलायचं न्हाई." तुला खरं वाटणार नाही, पण माणसं ओळीत उभी राहिली. आणि आतून निळ्या किटमधली एक नर्स पळत आली. तिनं आवाज ओळखला होता. ती मनतशा, जिलानीच्या मोहल्ल्यातलीच, पंचवीस वर्षांपूर्वी बाईंच्या बालवाडीत होती. दुपारी एक बेड रिकामा झाला, तो का रिकामा झाला ते आम्ही विचारलं नाही, आणि बाई आत गेल्या. माझी वट, माझं कार्ड, माझे अठरा फोन, यातलं काही उपयोगाला आलं नाही.

२८ तारखेला, बुधवारी दुपारी मनतशाचा फोन आला की बाई गेल्या.

नियमाप्रमाणे दोनच माणसांना परवानगी होती. इथं त्यांचं आमच्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून मी आणि जिलानी किट घालून स्मशानात उभे राहिलो. किटमध्ये माणूस शिजतो, अक्का. जिलानीचा चष्मा धुक्यानं भरला होता आणि त्याला पुसताही येत नव्हता. तिथं गेल्यावर लक्षात आलं की त्रिसरण, पंचशील म्हणायला हवं, आणि आमच्या दोघांपैकी कुणालाच ते पूर्ण येत नाही. (भीमजयंतीच्या दिवशी दर वर्षी स्टेजवर मी नुसते ओठ हलवतो.) तेव्हा जिलानीनं बाईंच्या शेजारणीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि हात लांब करून फोन बाईंकडे धरला. शेजारीण रडत रडत सगळं म्हणाली. पंधरा-वीस मिनिटं त्यानं हात खाली घेतला नाही. संध्याकाळी मी त्याला म्हणालो की पुढच्या वेळी तूच उभा राहा, मी अर्ज भरणार नाही. तो म्हणाला, "मला बी नगं मेंबरसाब. पडलेलंच बरं हाय. माझा नंबर कुणाकडं न्हाई."

तर असं आहे. मी प्रभागाला सांभाळतोय असं पेपरात एकदा फोटोसकट छापून आलं. कात्रण आईनं ठेवलंय. माझ्या वहीत ऑटोतून नेलेल्यांची एकतीस नावं आहेत, त्यांतली नऊ परत आली नाहीत. मी काय सांभाळलं ते मला ठाऊक नाही. दाजींना नमस्कार, अक्षराला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
मल्लिकार्जुन

ता. क. – आईशी फोनवर बोलशील तेव्हा मी स्मशानात गेलो होतो हे बोलू नको. तिला वाटतं मी ऑफिसात बसून फोन करतो.

ता. क. – अक्का, टरबुजासाठी मी पत्र लिहिलेलं नाही. लुंबिनीला अजून ठाऊक नाही. आम्ही स्मशानात उभे असताना माझा फोन वाजला, तो तिचाच होता. मी चार पावलं बाजूला जाऊन उचलला. आई कशी आहे म्हणाली. मी म्हणालो, बरी आहे. तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हणालो, ऑक्सिजन काढला. परवा मी बाईंना खिचडी खाऊ घातली. काल व्हरांड्यात चालवलं. आठ दिवस मी मेलेल्या बाईला बरी करून राहिलो. बाईंचा जावई पोलिसात आहे, तेलंगणाच्या सीमेवर बंदोबस्ताला, त्याला मी खरं सांगितलं, तर तो म्हणाला, मेंबर, माझ्याच्यानं व्हायचं नाही, तुम्हीच सांगा. आता तिनं आईसाठी कूलरजवळची खाट रिकामी केलीय आणि रविवारी बाळाला घेऊन ती आईला न्यायला निघणार आहे. फोनवर मला खरं बोलता येत नाही हे मला आता कळलंय. ती बसस्टँडमागच्या शिक्षक कॉलनीत राहते, घराला हिरवं गेट आहे. शनिवारच्या आत जा. मास्क लाव, पण जवळ बस.

ता. क. – सकाळी जाऊ नको. बाळाला पाजून होऊ दे, तिला जेवू दे, मग सांग. ती विचारील की रोज फोनवर कोण बोलत होतं. प्रशासन म्हणू नको, दवाखाना म्हणू नको, मेंबर तर मुळीच म्हणू नको, मेंबर खोटं बोलतात हे लोक धरूनच चालतात. माझा भाऊ बोलत होता म्हण. ती तुला घराबाहेर काढील. तरी पायरीवर थोडा वेळ बसून राहा.