दीपनगरच्या चिमण्यांवरचा ढग

जळगाव, मंगळवार संध्याकाळ

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या रडारवर कोरड्या दिवशीही पावसासारख्या दिसतात. म्हणून तेवढा परिसर मी अतिवृष्टीच्या नकाशातून कायमचा वगळला होता. पद्धत बरोबर होती. होती ना?

आज तिथल्याच एका खेड्यातून नानांचा फोन आला. ते आमच्यासाठी पर्जन्यमापक वाचतात. "ताई, तुमच्या नकाशात आमचं गाव कोरडं. मग माझी बठ्ठी केळी, अख्खी बाग, काय नळाच्या पाण्यानं आडवी झाली?" तपासते म्हटलं. "तपासा. मापक तर भरून सांडलं."

वगळलेला भाग उघडला. चिमण्या होत्याच. पण त्यांच्यावर तासभर न हललेला ढग होता. चिमण्या पुसताना मी सगळ्यात मोठा पाऊस पुसला.

पुराच्या धोक्याचे भोंगे कुठे बसवायचे ते उद्या याच नकाशावरून ठरणार. नानांचं गाव यादीत नाही. साहेबांना सांगितलं, चूक माझी आहे. "यादी वर गेली आता," ते म्हणाले. मग परत मागवा, म्हटलं. आवाज चढला माझा. तो कधी चढत नाही.

यादी परत मागवली का, ते त्यांनी अजून कळवलेलं नाही. नवा नकाशा मी पाठवून दिला, चिमण्यांसकट. दोन खोटे ठिपके दिसले तर दिसू देत.