सेजलच्या स्कूटरची बॅटरी

बिरवाडी,
दि. ९ डिसेंबर २०२५

ती. चांगूदादास,

धाकट्या भरतचा नमस्कार. वहिनी बऱ्या असतील. यंदा भात चांगलं झालं म्हणे, ऐकून बरं वाटलं. आम्ही इकडे हाय, तसे हाय.

दादा, माझं अक्षर बघून पत्र चुलीत घालशील, म्हणून आधी काम सांगतो. तुझ्या सेजलची स्कूटर चार्जिंगला असेल तर आत्ताच्या आत्ता पिन काढ. पत्र घेऊन आलेला पोलादपूरचा सुनील मेकॅनिक बॅटरी काढून नेईल. त्याला अडवू नको. सकाळी त्याने फोन केला तर तू त्यालाच झापलंस, 'चांगली चालतेय, नवी गळ्यात मारायचीय काय?' म्हणून फोनच ठेवलास. माझा नंबर तर तू कधीचाच बंद केलायस. आणि पोरीचा फोन वाडीत लागत नाय.

मला कोण इचारतो म्हणा! आबांना दवाखान्यात न्यायला गाडी घेऊन येतो म्हणालो आणि पोचलो दुसऱ्या दिवशी, तोवर आबा गेले होते. तीन वर्षं झाली. तू बोलत नायस त्यात तुझी काय चूक नाय.

काल दुपारी माझ्या दुकानात माझीच स्कूटर पेटली. चार्जिंगला लावलेली. आधी नुसता स्स्स आवाज, मग पांढरा धूर, आणि मग बॅटरीतले सेल लवंगी फटाक्यांसारखे सुटायला लागले. एक पत्र्यावर आपटून माझ्या पायाशी पडला. आणि मी उभाच! अरे, दहा वर्षं बॅटऱ्यांचंच काम करतोय, पण हातातली पक्कडसुद्धा खाली ठेवली नाय.

तुझी भावजय आवडी बरी हाय. म्हणजे, महाडला दवाखान्यात हाय. मी खुळ्यासारखा बघत राहिलो आणि तीच धावली. मागच्या खोलीत घरमालकाची म्हातारी झोपलेली, म्हणून हिने पेटती स्कूटर ओढून रस्त्यावर काढली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. रात्रभर कण्हत होती. सकाळी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर 'सेजलला कळवलं काय?'

कारण तिला ठाऊक हाय, आणि तुला नाय.

दादा, सेजलची बॅटरी सुनीलने नाय केली. मी केली. तिची जुनी बॅटरी मेली, पोरीचं कॉलेज बुडायला लागलं, तेव्हा सुनील ती माझ्याकडे घेऊन आला. मीच त्याला म्हणालो, माझं नाव काढू नको, दादा हात लावणार नाय. मला वाटलं, काकाच्या हातचं काहीतरी पोरीच्या उपयोगी पडेल. तुला न सांगता का होईना.

जुन्या बॅटऱ्यांमधले चांगले सेल काढून नवी बांधायची, हे माझं रोजचंच काम. पण हे सेल जुलैत महाडात पाणी शिरलं तेव्हा बुडालेल्या स्कूटरींचे होते. आपल्याकडे पूर ओसरला की मिक्सर धुतात, पंखे धुतात, उन्हात वाळवतात आणि परत लावतात. चालतात. मीपण सेल धुतले, वाळवले, गंज खरवडला, वर नवं आवरण चढवलं. मीटरवर सगळे झकास! खरं तर भरून पंधरा दिवस नुसते ठेवायचे आणि ज्यांचं चार्जिंग आपोआप उतरेल ते फेकायचे, ही माझीच पद्धत. पोरीसाठी घाई केली, दोन दिवसांत उरकलं. आत शिरलेलं पाणी मीटर दाखवत नाय रे.

त्या ढिगातले सगळ्यात चांगले निवडून सेजलला दिले. उरले ते माझ्या स्कूटरला लावले. पण 'चांगले' म्हणजे काय, ते आता मलाच कळेनासं झालंय. सुनील म्हणतो, ती स्कूटर पडवीत चार्जिंगला लावते आणि पलीकडे भिंतीला लागून झोपते.

मी सांगतो म्हणून ऐकू नको. सुनीलच्या फोनात आवडीच्या हातांचा फोटो हाय. आवडीनेच काढायला लावला, दादासाठी म्हणून. तो बघ, आणि पोरीलापण दाखव. मग हव्या तेवढ्या शिव्या घाल, पोलिसांत दे. मी नाय म्हणणार नाय. पण आधी बॅटरी घराबाहेर काढ.

तुझा भाऊ असं लिहायला हात धजत नाय.

ती बॅटरी बनवणारा,
भरत