शेल्ड्रेकांची कागदपत्रे आणि एक अपुरी गोधडी

मागच्या मंगळवारी माझा भाचा ब्रॅडफर्ड याची बायको कोरिन हिने माझ्या माळ्यावरची अपुरी गोधडी, मला न विचारता, पुरी करण्यासाठी शिंपिणीकडे दिली. मुलीच्या लग्नात आहेर म्हणून. मी टॅक्सी करून गेले आणि एकही टाका उसवण्याआधी ती परत आणली. माझ्यामागे असे पुन्हा घडले तर आणायला कोणी जाणार नाही, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

मी, प्रूडन्स हॅरिएट शेल्ड्रेक, वय ८१, अविवाहित, निवृत्त लॅटिन शिक्षिका, राहणार पॉटर्स नेक, ऱ्होड आयलंड, हे स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. परवाच डॉक्टरांनी माझी स्मरणशक्ती तपासली. त्यांनी तारीख चुकीची सांगितली, ती मी दुरुस्त करून दिली. १९७९ चे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर ब्रॅडफर्डला द्यावे. उत्तरेकडचे धुरांडे दुरुस्त करून देतो, असे तो अकरा वर्षे म्हणत आहे. आता घर त्याचेच झाल्यावर करील.

२. बँकेतील शिल्लक गावच्या वाचनालयाला द्यावी. माझ्या नावाची पितळी पाटी लावू नये.

३. शिंपले उकरण्याचे माझे दाताळे शेजारी सायलस टॅबर याने १९८३ मध्ये एका दुपारपुरते नेले. ते त्याच्याकडेच राहू द्यावे. मात्र मला ते आठवत होते, एवढे त्याला कळवावे.

४. घराण्याची कागदपत्रे, एकूण अकरा पेट्या, इतिहास मंडळाला द्याव्यात. गव्हर्नरांची पत्रे, जहाजांचे परवाने, पाळकांची भांडणे, सगळे क्रमाने लावलेले आहे. अट एकच. मेहिटेबल शेल्ड्रेक हिच्या १७४० सालापासूनच्या घरवहीतली चौदा पाने कापलेली आहेत. त्या जागी चिठ्ठी लावावी: "ही पाने १८९६ मध्ये टेम्परन्स शेल्ड्रेक हिने वडिलांच्या सांगण्यावरून कापली. त्यांवर या घरातल्या गुलामांच्या मुलांचे जन्म लिहिलेले होते."

टेम्परन्स माझी आत्या. मंडळ तेव्हा पहिल्यांदा कागद मागायला आले होते. आजोबा तिला म्हणाले, "ती पानं काढ आणि जाळून टाक." तिने काढली. जाळली मात्र नाहीत. त्यांचे षटकोनी तुकडे कापले, एकेका तुकड्यावर कापड दुमडून कच्चा दोरा घातला आणि गोधडी जोडायला घेतली. आमच्याकडे बायका अशीच गोधडी करतात. आत कागदाचा साचा असतो, आणि शेवटी तो काढून फेकून देतात.

मी नऊ वर्षांची असताना तिला विचारले होते, "आत्या, ही पुरी का करत नाहीस?"

"पुरी केली की कागद काढावे लागतात," ती म्हणाली. "जा, हात धुऊन ये."

त्यानंतरही ती सोळा वर्षे जगली. गोधडी पुरी केली नाही.

५. ही गोधडी अर्लीन शेल्ड्रेक, निवृत्त परिचारिका, राहणार मिल स्ट्रीट, यांची आहे. आमचे आडनाव त्यांच्याकडे कसे आले, ते गावात सर्वांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. चाळीस वर्षे टपाल खाते माझी पत्रे त्यांच्याकडे आणि त्यांची माझ्याकडे टाकत आले आहे. त्यापायी आमची ओळख.

१९६८ मध्ये त्यांनी दारात उभे राहून विचारले होते, "जूनो नावाची माझी एक पूर्वज. तुमच्या कागदांत तिचं काही आहे का?"

मी म्हणाले, "पेट्यांमध्ये काही नाही."

पाने कापलेली आहेत, हे मला तेव्हा ठाऊक होते. ते मी सांगितले नाही. गोधडीची उलटी बाजू मी या मार्चमध्ये पाहिली. आठ महिने गप्प बसले, त्याला कारण देता येत नाही.

ब्रॅडफर्ड काल म्हणाला, "आत्या, निदान घराण्यातली वस्तू घराण्यात राहू दे."

"घराण्यातच राहते आहे," मी म्हणाले.

स्थळ: पॉटर्स नेक. दिनांक: ९ डिसेंबर १९९६.
सही: प्रूडन्स हॅरिएट शेल्ड्रेक
साक्षीदार: ऑरिन पेकहॅम, निवृत्त पोस्टमन (टपालाच्या घोळाबद्दल त्यांनी सही करताना माफी मागितली), लिडिया कोल, ग्रंथपाल.

पुरवणी, त्याच दिवशी. माझ्या मरणापर्यंत थांबण्यात अर्थ नाही. कोरिनकडे माळ्याची किल्ली आहे. म्हणून कलम ५ आजच अमलात आणले.

सुपूर्द केले: अपुरी गोधडी, एक. आत कागदाचे तुकडे ३१२. पैकी अक्षर असलेले १८७. वाचता येणारी नावे नऊ. कडेला टेम्परन्स आत्याने टोचून ठेवलेली सुई, गंजलेली.

अर्लीनबाईंनी चष्मा लावून चौथ्या ओळीतला तुकडा वाचला: "फीबीला मुलगी. जूनो. बंदर गोठलेले." मग म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं, बाई."

मी म्हणाले, "होय."

"सुई काढू का?" मी विचारले.

"असू द्या," त्या म्हणाल्या.

मिळाले: ए. शेल्ड्रेक
दिले: पी. शेल्ड्रेक